कोणता प्लग, किती गॅप : रत्नागिरीतला एक वाद

ताकदवान पेट्रोल गाडी आता कोकणात नवलाईची राहिलेली नाही. चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, तेव्हा तिचं १.२ लिटरचं टर्बो इंजिन १०५ पीएस देत होतं. २०२२ मध्ये तिथूनच व्हर्टस आणि स्लाव्हिया आल्या, त्यांचं १.५ लिटरचं इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. अशी गाडी घेतली की वर्ष-दोन वर्षांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिमॅप करून घ्यायचा विचार डोक्यात येतो आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो स्पार्क प्लगचा. बदलायचे का, बदलायचे तर कोणते, गॅप किती ठेवायचा? या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. गाड्यांचा नाद असलेली तरुण मंडळी सांगतात, एक नंबर थंड इरिडियम टाक. जुने मिस्त्री सांगतात, कंपनीचा आहे तोच राहू दे, आणि गाडी मिस होत नाही तोवर त्याला हातसुद्धा लावू नकोस. माझं म्हणणं असं की, प्लग निवडायचा तो गाडी आठवड्याचे सातही दिवस कशी चालते ते पाहून, आणि बदलायचा तो तक्रारीची वाट न बघता. हे पटवून द्यायचं तर आधी दोन्ही बाजू पूर्ण ताकदीनं मांडायला हव्यात, म्हणून हा संवाद. यातले हौशी आणि मिस्त्री कुणी खरे गृहस्थ नाहीत. दोन मतांना दिलेले ते आवाज आहेत.

हौशी : काका, हिशेब साधा आहे. रिमॅपनंतर टर्बोचा दाब वाढला, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा, जास्त पेट्रोल आणि जास्त उष्णता. प्लगचं टोक त्या आगीतच असतं. ते आठशे-साडेआठशे अंशांच्या वर गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर मार बसतो. थंड प्लग टोकाची उष्णता हेडकडे लवकर नेतो. एक पायरी थंड घेतला की टोकाचं तापमान सत्तर ते शंभर अंशांनी खाली येतं, असं एनजीके कंपनीच सांगते. धातूचं म्हणाल तर निकेल साधारण १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम २४४६ ला. मग इरिडियम आणि एक नंबर थंड, यात चुकलं कुठे?

मिस्त्री : आकडे बरोबर आहेत रे, पण तू फक्त वरची मर्यादा सांगितलीस. खालचीही आहे. टोक साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं नाही तर त्याच्यावरची काजळी जळून जात नाही, साठत जाते. काजळी म्हणजे कार्बन, त्यातून वीज वाहते. जी ठिणगी गॅपमध्ये पडायची, ती चिनीमातीवरून सरकत बॉडीला जाते आणि गाडी मिस होते. आता मला सांग, तुझी गाडी रोज कुठे जाते? मारुती मंदिर ते जयस्तंभ, तिथून मांडवी, संध्याकाळी परत. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, त्यातही निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन धड तापायच्या आत तू गाडी बंद करतोस. शिवाय तुझ्या १.५ च्या इंजिनात हलक्या पायानं चालवताना मधले दोन सिलिंडर आपोआप बंद पडतात. तेवढ्या वेळात तिथे काही जळतच नाही, तर तिथले प्लग तापणार कसे?

मिस्त्रींचा हा मुद्दा सहज सोडून देण्यासारखा नाही. थंड आणि गरम प्लगमधला फरक ठिणगीत नसतो. तो चिनीमातीच्या नाकात असतो. नाक लांब असलं तर उष्णतेला बॉडीपर्यंत जायला वाट लांबची, टोक तापतं. आखूड असलं तर वाट जवळची, टोक गार राहतं. म्हणजे प्लगची निवड ही एका टोकाला साडेचारशे आणि दुसऱ्या टोकाला साडेआठशे अंश अशा पट्ट्यात टोक ठेवण्याची निवड आहे, आणि ते सगळ्या परिस्थितींत ठेवायचं आहे : पहाटे सुरू केल्यापासून घाट चढेपर्यंत. रेसच्या गाडीला हा प्रश्न अर्धाच असतो. ती तापवून ट्रॅकवर आणतात, तिथे ती सतत जोरात पळते, आणि शर्यत संपली की प्लग काढून बघायला माणूस उभा असतो. रत्नागिरीत राहणाऱ्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस गावात फिरते, आणि महिन्यातून एखाद्या वेळी हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते. त्या एका चढणीसाठी निवडलेला प्लग बाकीचे सगळे दिवस काजळी धरत राहतो.

हौशी : मान्य. पण दोन्हीकडचं नुकसान सारखं आहे का? प्लग थंड पडला तर काळा होईल, गाडी थोडी अडखळेल, मी चार प्लग नवे टाकीन. प्लग गरम राहिला तर पिस्टनला भोक पडेल आणि इंजिन उघडावं लागेल. एका बाजूला हजारांचा खर्च, दुसऱ्या बाजूला लाखाचा. मग शंका असेल तिथे थंड बाजूला झुकणं हीच सावधगिरी नाही का?

या वादातला सर्वात वजनदार आक्षेप हाच आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. पहिली गोष्ट, मिस होणं निरुपद्रवी नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. आतली जाळी त्यानं वितळू शकते. म्हणूनच इंजिन जोरात मिस होत असेल तर डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा नुसता पेटत नाही, लुकलुकतो. स्कॅनर लावला की पी०३०१, पी०३०२ असा कोड येतो. शेवटचा आकडा कुठला सिलिंडर मिस झाला ते सांगतो. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं, ते वेगळंच. कन्व्हर्टरची किंमत ज्यांनी विचारली आहे, ते 'चार प्लग टाकीन' असं म्हणणार नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गाडी कंपनीनं दिली तशीच असेल, तर वरच्या मर्यादेचा धोका कंपनीनं आधीच जमेला धरलेला असतो. कंपनी इंजिनाच्या चाचण्या भर उन्हात आणि पूर्ण लोडवरही घेते, आणि मगच प्लगची हीट रेंज, म्हणजे तो किती थंड किंवा गरम असावा, ते ठरवते. रिमॅप न केलेल्या गाडीत थंड प्लग टाकणं म्हणजे नसलेल्या संकटावर पैसे खर्च करून असलेलं संकट घरी आणणं आहे. हौशी माणसाचा आक्षेप खरा ठरतो तो फक्त रिमॅप केलेल्या गाडीत. तिथे मात्र तो पूर्ण खरा आहे, आणि मिस्त्रींचं 'कंपनीचा तोच राहू दे' तिथे अपुरं पडतं.

मिस्त्री : रिमॅप झाली म्हणून लगेच प्लग बदलायचा असं कुठे आहे? एनजीकेचाच ठोकताळा आहे, इंजिनाची ताकद ७५ ते १०० हॉर्सपॉवरनं वाढली तर एक पायरी थंड घ्या. तुझ्या गाडीत साधा रिमॅप मारला तर तीस-चाळीसनं वाढेल. मग पायरी बदलायची वेळ आलेलीच नाही.

हौशी : काका, तो ठोकताळा सरसकट लावता येत नाही. आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात ७५ वाढले तर एका सिलिंडरच्या वाट्याला नऊ-साडेनऊ येतात. माझ्या चार सिलिंडरच्या इंजिनात चाळीस वाढले तर एका सिलिंडरच्या वाट्याला दहा. प्लगला अख्ख्या इंजिनाची ताकद कुठे दिसते? त्याला दिसतो फक्त त्याचा सिलिंडर.

इथे हौशी बाजूनं बाजी मारली आहे, आणि तिचं श्रेय तिला द्यायला हवं. ठोकताळ्याचा आकडा छोट्या टर्बो इंजिनावर जसाच्या तसा लादता येत नाही. पण त्यातून 'म्हणून थंडच प्लग' हेही सिद्ध होत नाही. निघतं एवढंच की कागदावरच्या आकडेमोडीनं निकाल लागणार नाही, पुरावा इंजिनातून काढावा लागेल. तो दोन ठिकाणी मिळतो. एक, ईसीयूच्या नोंदीत : जोर दिल्यावर इंजिन किती वेळा आणि किती अंश ठिणगी मागे घेतं, हे स्कॅनरवर दिसतं. दुसरा पुरावा प्लगवरच लिहिलेला असतो. इंजिन पूर्ण गार असताना चारही प्लग काढून, सिलिंडरच्या क्रमानं कापडावर मांडून, उजेडात भिंगाखाली बघायचे. नाकाची चिनीमाती फिकट बदामी किंवा राखाडी असेल तर टोक योग्य पट्ट्यात चाललं आहे. कोरडी काळी काजळी असेल तर प्लग थंड पडतो आहे किंवा मिश्रण जाड आहे. ओला, चकाकता काळेपणा ऑइलचा. त्याला प्लग बदलून काही उपयोग नाही. चिनीमाती पांढरीफटक, फोड आलेली दिसली तर उष्णता वर गेली आहे. आणि पांढऱ्या नाकावर मोहरीहूनही बारीक चकाकणारे कण दिसले तर गाडी तिथेच थांबवावी. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. बाहेरच्या चिनीमातीवर, लोखंडी षटकोनाच्या लगत दिसणाऱ्या तपकिरी कड्याला मात्र कुणी घाबरू नये. प्लग गळतो आहे असं समजून चांगले प्लग त्यापायी फेकले जातात. ते उच्च दाबाच्या विजेनं ओढून घेतलेल्या ऑइलच्या बारीक कणांचे डाग असतात आणि निरुपद्रवी असतात.

आंबा घाटाचा उल्लेख आला आहे तर एक गैरसमज इथेच काढायला हवा. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, भरपूर पाय देऊन चढ चढवला तर अवेळी पेट घेण्याचा एक वेगळाच प्रकार घडू शकतो. तो तापलेल्या प्लगमुळे होत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइल-पेट्रोलच्या थेंबांमुळे आणि सुटलेल्या साक्यामुळे होतो. त्या एका धक्क्यानं प्लगची चिनीमाती तडकू शकते, पिस्टनची कडा तुटू शकते. थंड प्लग टाकून याच्यावर उपाय झाला असं मानणारे चुकीच्या जागी औषध लावतात. उपाय म्हणजे योग्य ऑइल, म्हणजे २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाचं किंवा कंपनीनं त्यासाठी नेमून दिलेलं, आणि साखरप्याच्या पुढे चढ लागला की वेळेवर खालचा गिअर.

हौशी : बरं, हीट रेंजचं राहू द्या. इरिडियमला तरी तुमची हरकत नसावी. माझ्या मित्रांच्या गाड्यांचा पिकअप त्यानं वाढला आहे.

मिस्त्री : पिकअप नव्या प्लगनं वाढतो. झिजलेले काढून नवे निकेलचे टाकले असते तरी वाढला असता. रेसिंगवाले तर अजून तांब्याचे वापरतात.

दोघंही अर्धवट बोलत आहेत. वितळण्याचा आकडा इरिडियमच्या जाहिरातीत शोभतो, पण चांगल्या इंजिनात टोक हजार अंशही गाठत नाही; तिथे निकेलही वितळत नाही. इरिडियमचा खरा फायदा झिजेत आहे. तो कठीण धातू ठिणगीनं फार हळू झिजतो, म्हणून मधलं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक ठेवता येतं. साध्या निकेलच्या प्लगचं टोक अडीच मिलिमीटरच्या आसपास असतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडी मारते आणि कॉइलवर ताण कमी येतो. जास्त दाबाच्या टर्बो इंजिनात हा फायदा खरा आहे. म्हणून अशा अनेक गाड्यांत इरिडियम किंवा प्लॅटिनम कारखान्यातूनच येतो. आणि ज्यांना तांब्याचे प्लग म्हणतात, त्यांचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. तांबं आतल्या गाभ्यात असतं, आणि ते महागड्या इरिडियम प्लगच्या गाभ्यातही असतं. ताकद मात्र कुठलाच प्लग निर्माण करत नाही. तो फक्त इंजिनाची असलेली ताकद वाया जाऊ देत नाही. शिवाय सगळे इरिडियम प्लग सारखे नसतात. काहींचं फक्त मधलं टोक इरिडियमचं आणि वरची पट्टी साध्या निकेलची असते. ते लाख किलोमीटर टिकायच्या आशेनं घेऊ नयेत.

नंबरांचाही एक सापळा आहे. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम होतो. 'एक नंबर वरचा पाठव' असं फोनवर सांगून कोल्हापूरहून किंवा पुण्याहून मागवणाऱ्याच्या हाती नेमका उलटा प्लग पडू शकतो. प्लग मागवायचा तो पूर्ण पार्ट नंबर सांगून, आणि खात्रीच्या विक्रेत्याकडून, कारण नावाजलेल्या कंपन्यांच्या प्लगची नक्कल बाजारात खूप आहे. अस्सल प्लगचा वायसर आट्यांवर अडकवलेला असतो, सहज निघून हातात येत नाही. छपाई पुसट, आटे खरबरीत आणि वायसर सैल, असं दिसलं तर प्लग परत करावा.

गॅपबद्दल मात्र माझं मत हौशी माणसाच्या बाजूनं आहे, आणि तेही ठामपणे. रिमॅप केलेल्या गाडीत हीट रेंजआधी गॅप बघायला हवा. सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. दाब आणि अंतर यांचं हे नातं एकोणिसाव्या शतकात भौतिकशास्त्रज्ञ पाशेननं प्रयोगानं दाखवून दिलं आहे. कॉइलची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणून पूर्ण जोरात, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी अडखळली तर बरेच जण थंड प्लग शोधू लागतात, आणि खरा दोष रुंदावलेल्या गॅपचा असतो. ०.८ चा गॅप ०.७ वर आणणं एवढ्यानंही अनेकदा काम होतं. गॅप तारेच्या गेजनं मोजायचा आणि कमी करताना फक्त वरची पट्टी हलवायची. नाण्यासारखा गोल गेज मधे दाबून फिरवला तर इरिडियमचं बारीक टोक तुटतं. नवा प्लग डबीतून काढून तसाच लावू नये. वाहतुकीत पडून गॅप बदललेला असू शकतो.

मिस्त्री : इतकं मोजमाप कोण करतं? चाळीस वर्षं हातानं आवळतो आहे. आट्यांना ग्रीस लावतो, प्लग कधी अडकत नाही. आणि काळा पडला तर तारेच्या ब्रशनं घासून परत लावतो.

इथे आदर राखूनही मिस्त्रींना थांबवायलाच हवं, कारण त्यांच्या सवयी लोखंडी हेड आणि जाड निकेल टोकाच्या काळातल्या आहेत. आजचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनात प्लग फिरवला की हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात, आणि आटे गेले की काम पान्यापुरतं राहत नाही. १४ मिलिमीटरच्या आट्यांच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावला तर घर्षण कमी होतं आणि टॉर्क पान्यावर तोच आकडा दिसत असताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. आताच्या प्लगच्या आट्यांवर कारखान्यातच धातूचा मुलामा असतो, म्हणून प्लगच्या कंपन्या काही लावू नका असं सांगतात. तारेचा ब्रश तर इरिडियमला लावूच नये. टोक वाकतं, आणि ब्रशचे लोखंडी कण चिनीमातीवर बसून विजेला नवी वाट देतात. टॉर्क पाना नसेलच तर सपाट वायसरचा नवा १४ मिलिमीटरचा प्लग वायसर टेकेपर्यंत बोटांनी फिरवावा आणि मग पान्यानं अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे वाकडे बसत आहेत. जोर न लावता बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी.

राहिला प्रश्न कधी बदलायचा. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात आणि बहुतेक पुस्तकांत वर्षंही दिलेली असतात. रत्नागिरीत किलोमीटरपेक्षा वर्षं आधी भरतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उरलेले महिने मिऱ्या-भाट्याकडून येणारी खारी हवा असते. त्या हवेचा परिणाम प्लगच्या आतल्या टोकावर नव्हे, बाहेरच्या बाजूवर होतो. कॉइलचं रबरी बूट कडक होऊन चिरतं, प्लगच्या खड्ड्यात दमटपणा शिरतो, षटकोन गंजतो, आणि चिनीमातीवरून ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते. गाडी पावसात मिस होते आणि ऊन पडल्यावर सुधारते, तेव्हा आधी तिथे बघावं. मे महिन्यात एकदा कॉइल उचलून खड्डा हवेनं साफ करणं, बूट बघणं, एखादा प्लग काढून तपासणं, हे तासाभराचं काम आहे. हवा मारायची ती प्लग सैल करण्याआधी, नाहीतर खड्ड्यातली वाळू आणि गंज सिलिंडरमध्ये पडतात.

हौशी : मग माझ्या गाडीचं काय ठरलं?

मिस्त्री : तू रिमॅप केलीस तर आधी गॅप, मग नोंदी, मग प्लगचा रंग. आणि तिन्ही सांगत असतील तरच एक पायरी थंड. तसा प्लग घेतलास तर गावातल्या फेऱ्यांत महिन्यातून दोन-तीनदा गाडी हातखंब्यापर्यंत नेऊन नीट तापव. आणि माझ्याकडे टॉर्क पाना नसेल तर दुसरीकडे जा, मी रागावणार नाही.

या ठरावाला माझी एकच भर आहे. रिमॅपसाठी पैसे मोजणाऱ्या प्रत्येकानं ट्यूनरकडून प्लगचा पूर्ण पार्ट नंबर आणि गॅपचा आकडा पावतीवर लिहून घ्यावा. जो हे दोन आकडे लिहून देत नाही, त्यानं त्या इंजिनाचा विचार केलेला नाही. त्याच्याकडून रिमॅप करून घेऊ नका.